चौथ्या कार्बनखालची प्रत

टाइपरायटरच्या रुळात पाच पातळ कागद आणि त्यांच्यामध्ये चार कार्बन घालून मजकूर मारला, तर पाच प्रती निघतात आणि पाचही वेगळ्या निघतात. सगळ्यात वरची ठसठशीत, फितीच्या शाईची. दुसरी आणि तिसरी कार्बनच्या निळसर-काळ्या रंगाची, पण स्वच्छ. चौथीत अनुस्वार आणि रफार पुसट होऊ लागतात. पाचवीत 'मरण' आहे की 'भरण', हे मागचा-पुढचा शब्द बघून ठरवावं लागतं. सोव्हिएत संघात १९६० ते १९८०च्या दशकांत हातोहात फिरणारं पुष्कळसं लेखन लोकांनी वाचलं ते असल्याच चौथ्या-पाचव्या प्रतीत. त्याला रशियनमध्ये समिझ्दात म्हणतात, म्हणजे 'आपणच प्रकाशित केलेलं'.

मॉस्कोच्या संकल्पना-कलेवर, म्हणजे वस्तूपेक्षा तिच्यामागच्या कल्पनेला महत्त्व देणाऱ्या कलेवर, आपल्याकडे बोलणं निघालं की राजकारण भरपूर होतं, पण कागदाचा विषय क्वचितच निघतो. माझं मत उलटं आहे. ही कला आधी कागद, कार्बन, कार्ड आणि शाई यांतून कळते, राजकारण त्यातून आपोआप कळत जातं. त्या कलाकारांना जे साहित्य मिळालं त्याच्या मर्यादा त्यांनी लपवल्या नाहीत, त्या मर्यादांनाच कामाचा विषय केलं. म्हणून इथं जे लिहितो आहे ते साताऱ्यात, एका खोलीत, जुना टाइपरायटर, लिनोचा (कोरून छापायच्या लिनोलियमचा) तुकडा आणि छपाईची एक स्क्रीन (जाळी ताणलेली चौकट) एवढ्यावर करून बघता येईल अशा बेतानं लिहितो आहे.

थोडी पार्श्वभूमी. १९२२ मध्ये 'ग्लावलित' हे सेन्सॉर खातं स्थापन झालं आणि छापखान्यातून बाहेर पडणाऱ्या मजकुराला त्याची परवानगी लागू लागली. फोटोकॉपीची यंत्रं संस्थांमध्ये कुलपाआड असत. टाइपरायटर मात्र माणूस विकत घेऊ शकत होता. पूर्व जर्मनीत बनणारा 'एरिका' त्यात विशेष नावाजलेला. आपल्या जिल्ह्याला भूमिगत पत्रकं नवी नाहीत. बेचाळीसच्या चळवळीत ती सायक्लोस्टाइल करून वाटली जात. पण सायक्लोस्टाइलच्या एका स्टेन्सिलवर शेकडो प्रती निघतात आणि सगळ्या बऱ्यापैकी सारख्या निघतात. कार्बनवर पाच निघतात, आणि प्रत्येकीवर ती कितवी आहे हे न लिहिताच लिहिलेलं असतं. हा फरक पुढं फार उपयोगी पडतो.

कार्बन

आधी कागद. आजचा ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) झेरॉक्सचा कागद घेतला तर तिसरी प्रतच धड वाचता येत नाही. वरच्या प्रतीला ६० जीएसएम आणि खालच्या चारांना ३० ते ४० जीएसएमचा पातळ कागद लागतो. स्टेशनरीच्या जुन्या दुकानात 'टाइपचा पातळ कागद' म्हणून मागितला तर अजून कुठंतरी एखादा गठ्ठा निघतो. कार्बन घेताना टाइपचाच घ्यायचा. पेन्सिलीनं लिहायचा कार्बन वेगळा असतो. त्याची शाई मऊ असते, नुसत्या रुळाच्या दाबानंही कागदावर डाग उमटतात आणि सगळी पाटी करडी होते.

गठ्ठा टेबलावर लावताना कार्बनची चकचकीत बाजू खाली ठेवायची. तोच गठ्ठा रुळात सरकवताना चकचकीत बाजू आपल्या तोंडाकडे येते. इथं हमखास चूक होते. एक कार्बन जरी उलटा पडला तरी त्याच्या वरच्या कागदाच्या पाठीवर उलटी अक्षरं उमटतात आणि खालचा कागद कोरा राहतो. सरकवण्याआधी गठ्ठ्याच्या डोक्यावर कागदाची दुमडलेली पट्टी टोपीसारखी घालायची, म्हणजे सगळे कागद एका ओळीत शिरतात. आत गेल्यावर कागद सैल करायची कळ एकदा ओढून सोडायची. रुळाभोवती वळताना आतल्या आणि बाहेरच्या कागदांत जो ताण पडतो तो सुटतो. हे केलं नाही तर पानाच्या तळाशी पोचेपर्यंत खालच्या प्रतींवर कार्बनच्या सुरकुत्यांच्या रेघा झाडाच्या फांद्यांसारख्या पसरतात.

दुसरा घोटाळा रुळाचा. जुन्या यंत्रांचा रबरी रूळ दगडासारखा कडक झालेला असतो. त्यावर पूर्णविराम आणि शून्य कागदातून आरपार जातात. गठ्ठ्याच्या मागं एक जाडसर कागद घातला की भोकं पडणं थांबतं, पण पाचव्या प्रतीचा उठाव आणखी कमी होतो. दोन्ही साधत नाही, एक निवडावं लागतं.

फीत बाजूला करून मारायचीही सोय असते. कळ स्टेन्सिलच्या खुणेवर नेली की अक्षराचा खिळा थेट कागदावर आदळतो. फितीच्या कापडाची गादी मध्ये नसल्यामुळे खालच्या प्रती जास्त रेखीव येतात, आणि वरची प्रत शाईविना, नुसत्या दाबाच्या ठशांची निघते. तिरप्या उजेडात धरली तरच वाचता येते. पाच प्रतींच्या संचात मूळ प्रतच कोरी असणं हे मला या सगळ्या तंत्रातलं सर्वांत बोलकं रूप वाटतं.

चूक झाली तर? पाचही प्रतींवर वेगवेगळं खोडावं लागतं, आणि खोडताना खालच्या कार्बनवर दाब पडू नये म्हणून प्रत्येक ठिकाणी कागदाचा कपटा सरकवावा लागतो. म्हणून समिझ्दातच्या पानांवर चुका तशाच राहिलेल्या किंवा 'ххх' मारून झाकलेल्या दिसतात. आपण करताना चुका पांढऱ्या शाईनं झाकू नयेत.

प्रिगोव आणि शिरोरेषा

मॉस्कोच्या या कलाकारांपैकी दमित्री प्रिगोव (१९४० ते २००७) शिकला शिल्पकला आणि ओळखला गेला कवी म्हणून. टाइप केलेल्या कागदांना टाचण्या मारून तो छोट्या पुस्तिका करी. त्याच्या 'स्टिखोग्राम' नावाच्या कामांत वाक्य पुन्हापुन्हा, एकमेकांवर, एकेक घर सरकवत मारलेलं असतं. बोधवाक्यासारखी ओळ हळूहळू काळ्या आकारात बुडते. वाचायला सुरुवात होते आणि मध्येच ते चित्र होऊन बसतं.

हे देवनागरीत करायला गेलं की रशियनमध्ये नसलेली अडचण येते आणि ती सोनं आहे. रशियन अक्षर म्हणजे एक ठोका, एक घर. रेमिंग्टन पद्धतीच्या आपल्या कळपाटावर ख, घ, थ, ध, भ, ण, श ही अक्षरं अर्धं अक्षर आणि काना अशा दोन ठोक्यांत होतात, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागते. त्यामुळे 'एक घर सरकवा' म्हटलं की काही अक्षरं आपल्याच कान्यावर जाऊन बसतात आणि तिसरंच काही दिसतं. त्याहून मोठी गोष्ट शिरोरेषेची. रशियन अक्षरं एकमेकांवर मारली तर साधारण सगळीकडं सारखा काळोख होतो. देवनागरीत जवळपास प्रत्येक ठोका शिरोरेषा त्याच उंचीवर मारतो. तीन-चार थरांतच वर काळीकुट्ट दोरी तयार होते आणि अक्षरं तिच्याखाली लोंबत राहतात. पाच-सहा थरांना पातळ कागद बरोबर त्या रेषेवर, पावतीच्या फाडायच्या छिद्रांसारखा, उसवतो.

तेव्हा ४० जीएसएमच्या कागदावर चारच थर. त्यापुढं जायचं असेल तर वरची प्रत ९० जीएसएमची घ्यावी आणि कार्बन घालूच नयेत. ओळींतलं अंतर दीडपट ठेवलं तर शिरोरेषांच्या आडव्या पट्ट्या स्वतंत्र दिसतात. एकपट ठेवलं तर उकार वरून खालच्या रेषेत मिसळतात. दोन्ही करून बघण्यासारखं आहे.

प्रिगोवनं १९८०च्या दशकात 'नागरिकांना आवाहनं'ही केली. कागदाच्या छोट्या चिठ्ठ्यांवर एखाद-दोन वाक्यं टाइप करायची आणि रस्त्यात खांबांवर, झाडांवर लावायची. मजकूर सरकारी सूचनेच्या सुरात, पण आशय साधा, जिव्हाळ्याचा. याच कामापायी १९८६ मध्ये त्याला पकडून थोड्या काळासाठी मनोरुग्णालयात टाकलं होतं. हे लक्षात ठेवलं की पाचव्या प्रतीची पुसट अक्षरं नुसती सौंदर्याची बाब राहत नाहीत.

कार्डं

याच मंडळींतला कवी लेव रुबिन्स्टाइन (१९४७ ते २०२४) ग्रंथालयात काम करत होता. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून त्यानं तालिकेच्या कार्डांवर लिहायला सुरुवात केली. कार्डाचा आकार ठरलेला, ७.५ × १२.५ सेंमी. एका कार्डावर एखादं वाक्य, अर्धवट संवाद, नुसता क्रमांक, कधी काहीच नाही. वाचन म्हणजे गठ्ठा हातात धरून एकेक कार्ड वाचायचं आणि बाजूला ठेवायचं.

करायचं असेल तर कार्डाचा कागद १६० ते १८० जीएसएम असावा. २५० जीएसएमचं कार्ड रुळावर वळत नाही, सुटून परत येतं आणि ओळ वर चढते. जाड कार्डंच हाताशी असतील तर टंकलेखकांची जुनी युक्ती आहे: साध्या कागदाला आडवी चुणी घालायची, तो रुळात घालायचा, आणि चुणीच्या खिशात कार्डाची खालची कड बसवायची. खिसा कार्ड ओढून नेतो.

सुरुवातीला ४८ कार्डं पुरेत. मोठ्यानं वाचताना एका कार्डाला सरासरी सात सेकंद धरले तर साडेपाच मिनिटांचं वाचन होतं, आणि त्याहून जास्त वेळ ऐकणाऱ्याचं लक्ष धरून ठेवायला हात बसलेला लागतो. सगळ्यात जास्त फसतं ते इथं: लोक सलग लेख लिहितात आणि तो कापून कार्डांवर वाटतात. मग कार्ड उलटण्याला काही अर्थच उरत नाही. कार्ड लिहिताना मागच्या कार्डावरचं वाक्य डोळ्यांआड गेलेलं आहे, हे गृहीत धरून लिहायला हवं. कोरं कार्ड कुठं येणार हे आधी ठरवावं आणि शब्द त्याभोवती बसवावेत. आणि कार्डांच्या खालच्या मधल्या भागात दांड्याचं भोक पाडावंच. तालिकेच्या खणात लोखंडी दांडा घालून कार्डं अडकवत, ती कुणी पळवू नयेत म्हणून. गठ्ठा दांड्यातून मोकळा करून हातात घेणं हीच त्या वाचनाची पहिली कृती आहे.

लाल पट्टी

विताली कोमार आणि अलेक्सांद्र मेलामिद यांनी १९७२ मध्ये 'सॉट्स-आर्ट' हा, सोव्हिएत प्रचाराचीच चिन्हं कलेत वापरणारा, प्रवाह सुरू केला. त्याच वर्षीच्या त्यांच्या 'आदर्श घोषणा' या कामात लाल कापडावर अक्षरांच्या जागी पांढरे आयत आहेत आणि शेवटी उद्गारचिन्ह. बस. सोव्हिएत रस्त्यांवर लाल सुती कापडावर पांढऱ्या अक्षरांत घोषणा लावलेल्या असत. रोज दिसणारी गोष्ट कुणी वाचत नाही, पण ती घोषणा आहे हे लांबूनही कळतं. त्या दोघांनी फक्त ते कळणं शिल्लक ठेवलं.

लिनोकटला हे काम जणू घडवलेलं आहे, कारण पार्श्वभूमी छापायची आणि आयत कोरून काढायचे. पण लेनिन आणि लाल तारा उचलू नका. ते साताऱ्यात नुसतं सोंग होईल. आपल्या भिंतींवरची, डोळ्यांना सवयीची झालेली ओळ घ्या. मी 'पाणी अडवा, पाणी जिरवा' घेऊन मांडतो. माण-खटावच्या रस्त्यांवर ही ओळ पाहत लोक मोठे झालेत. अक्षरं मोजली तर दोन, तीन, दोन, तीन. दहा आयत.

ब्लॉक ४५ × १५ सेंमी, लिनो ३.२ मिमी जाडीचं. आयत २.५ सेंमी रुंद आणि ७ सेंमी उंच. शब्दाच्या आतलं अंतर ४ मिमी, दोन शब्दांत २.५ सेंमी. शेवटच्या आयतानंतर दीड सेंमी सोडून १.२ सेंमी रुंदीचं उद्गारचिन्ह. हिशेब केला तर एकूण ३७.६ सेंमी होतात आणि दोन्ही बाजूंना ३.७ सेंमी लाल पट्टी उरते. आयत उलटे झाले तरी आयतच, म्हणून माणूस गाफील राहतो आणि उद्गारचिन्ह ब्लॉकवरही उजवीकडं कोरतो. छापल्यावर ते सुरुवातीला येतं. शिवाय शब्दांचा क्रमही उलटतो, दोन-तीन-दोन-तीनचं तीन-दोन-तीन-दोन होतं. ब्लॉकवर चिन्ह डावीकडं हवं.

आता खरा प्रश्न: शिरोरेषा ठेवायची की काढायची? काढली तर दहा सुटे आयत, मॉस्कोसारखे, पण मराठी वाटत नाहीत. ठेवली, म्हणजे प्रत्येक शब्दाचे आयत वर ६ मिमीच्या पांढऱ्या पट्टीनं जोडले, तर एकही अक्षर नसताना ही देवनागरी आहे हे लगेच कळतं, आणि ज्यांनी ती भिंत पाहिली आहे त्यांना घोषणाही ओळखू येण्याची शक्यता वाढते. माझ्या मते ठेवावी. आपल्या लिपीत शब्द आधी दोरीवर टांगला जातो आणि मग अक्षर होतो. ही गोष्ट कोमार-मेलामिदना सुचणं शक्य नव्हतं, ती आपण त्यात घालू शकतो.

कोरताना लिनो उन्हात दहा मिनिटं ठेवून मऊ करावं. थंड लिनो ठिसूळ असतं आणि त्याच्या कडा तुटतात. आयतांच्या मधली ४ मिमीची लाल भिंत टिकवायची असेल तर हत्यार आयताच्या आतल्या बाजूला झुकवून, भिंतीचं बूड रुंद राहील असं चालवायचं. उलट झुकलं तर भिंत तळातून पोखरली जाते आणि पाचव्या-सहाव्या प्रतीला गळून पडते. खोली दीड ते दोन मिमी.

शाई ऑफसेटची चालते. छपाईच्या धंद्यात तिचे किलोचे डबे असतातच, त्यातली शंभर ग्रॅम मिळाली तरी खूप. वीस प्रतींना वाया जाणाऱ्यासकट साठ-सत्तर ग्रॅम लागते. नुसता मजेंटा घेऊ नका, तो गुलाबीकडं जातो. सोव्हिएत कापडाचा लाल रंग किंचित केशरी झाकेचा आहे. काचेवर पिवळा घ्यायचा आणि त्यात मजेंटा थोडाथोडा मिसळत जायचा. उलट केलं तर मजेंटा पिवळ्याला गिळतो आणि शाईचा ढीग वाढत जातो. शाई फार चिकट वाटली तर जवसाच्या तेलाचे चार-पाच थेंब. रोलर काचेवर फिरवताना ओल्या कागदावर पाऊस पडल्यासारखा बारीक, सलग आवाज आला पाहिजे. चटचट आवाज येतो म्हणजे शाई जास्त आहे.

एवढ्या मोठ्या सपाट लाल भागाला पहिल्या दोन प्रती कमीच पडतात, ब्लॉक शाई पितो. त्या मोजायच्या नाहीत. सपाट भाग मीठ शिंपडल्यासारखा पांढऱ्या ठिपक्यांचा येत असेल तर शाई वाढवण्याआधी दाब वाढवा. लाकडी चमच्याच्या पाठीनं, मधून कडेकडं, लहान गोलांत. कागद १२० जीएसएमपर्यंतचा, कमी खळीचा. पुण्याच्या हातकागद संस्थेचा पातळ कागद चांगला उठाव देतो. फार पातळ कागद लाल भागाला चिकटून उचलताना फाटतो. आयतांच्या खोलगट भागात चमच्यानं कागद दाबला जाऊन लाल डाग पडतात. काही जण हे डाग मुद्दाम ठेवतात, पण या कामात नको. आयत पूर्ण कोरा हवा, नाहीतर त्यात काहीतरी लिहिलं होतं असा भास होतो आणि अर्थ बदलतो.

याच पठडीतलं आणखी एक काम जाता जाता सांगायला हवं. २६ जानेवारी १९७७ रोजी मॉस्कोजवळच्या फिर्सानोव्का भागात, आंद्रेई मोनास्तिर्स्की आणि त्याच्या 'सामूहिक कृती' गटानं बर्फातल्या टेकडीवर झाडांमध्ये दहा मीटर लांब, एक मीटर रुंद लाल पट्टी बांधली. पांढऱ्या अक्षरांत आशय असा: माझी कशाबद्दल तक्रार नाही, मला सगळं आवडतं, जरी मी इथं कधी आलो नाही आणि या जागेबद्दल मला काही ठाऊक नाही. वाचायला तिथं कुणी नव्हतं.

सोळा कागद

या विषयात मॉस्कोवरच थांबणं चुकीचं आहे. सोव्हिएत संघात सामील करून घेतलेल्या एस्टोनियात मुद्राचित्रणाला, म्हणजे छापून केलेल्या चित्रांना, वेगळंच बळ होतं. १९६८ पासून ताल्लिनमध्ये मुद्राचित्रांचं त्रैवार्षिक प्रदर्शन भरतं. राउल मेल (जन्म १९४१) विद्युत अभियंता, कलेचं औपचारिक शिक्षण नाही, मधमाश्या पाळणारा. टाइपरायटरवरची चित्रकविता आणि सिल्कस्क्रीन या दोन्हींत त्यानं काम केलं. १९७०च्या दशकातली त्याची 'आकाशाखाली' ही मालिका थोड्याशा आकारांच्या फेरजुळणीवर उभी आहे. मोठं तैलचित्र सीमेपार जाणं अवघड. छापलेला कागद गुंडाळून टपालानं जातो. युगोस्लाव्हियातल्या ल्युब्लियाना (१९५५ पासून) आणि पोलंडमधल्या क्राकूव (१९६६ पासून) इथल्या मुद्राचित्रांच्या द्वैवार्षिक प्रदर्शनांमुळे अशा कागदांना बाहेर भिंत मिळत होती. आणि त्या काळात निळा, काळा, पांढरा हे तीन रंग एका क्रमानं आले तर तो बंदी घातलेला एस्टोनियाचा झेंडा ठरत असे. अमूर्त भूमितीतसुद्धा रंग निवडताना हे डोक्यात असणारच.

फेरजुळणी समजायला हा प्रयोग: चौरस कागद, ३० × ३० सेंमी. दोन स्क्रीन. पहिल्यावर एका कोपऱ्यातून निघणारा चतुर्थांश वर्तुळाचा पट्टा, दुसऱ्यावर एका कडेला टेकलेला, मध्यापर्यंत न पोचणारा आयत. स्क्रीन जागचे हलवायचे नाहीत, कागद ९० अंशांत फिरवायचा. पहिल्या स्क्रीनच्या चार दिशा, दुसऱ्याच्या चार, म्हणून १६ कागद. आकार स्वतःभोवती फिरून सारखेच दिसणारे घेतले (पूर्ण वर्तुळ, मधला चौरस) तर प्रयोग तिथंच मरतो.

इथं एक बारकावा निसटतो. प्रत्येक कागदाच्या पाठीवर पेन्सिलीनं 'वर' लिहून ठेवलं नाही, तर सोळांतले खरे वेगळे फक्त चारच उरतात. बाकीचे बारा कागद म्हणजे तेच चार फिरवून ठेवलेले. 'वर' ठरवलं की सोळा होतात. म्हणजे चित्रांची संख्या छपाईनं ठरत नाही, पाठीवरच्या एका शब्दानं ठरते. संकल्पना-कला म्हणजे काय हे विचारणाऱ्याला मी हाच प्रयोग करायला सांगेन.

जाळी सेंटिमीटरला ७७ ते ९० धाग्यांची. स्टेन्सिल म्हणून बटर पेपर कापून जाळीखाली लावला तरी सोळा प्रती निघतात, मात्र शाई तेलाची हवी. पाण्याच्या शाईनं बटर पेपर फुगून सुटतो. जाळी आणि कागद यांत २ ते ३ मिमी अंतर ठेवा, म्हणजे स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) पुढं गेल्यावर जाळी आपोआप सुटते आणि कड स्वच्छ येते. कागद बसवायला दोन कडांना मिळून तीन अडथळे: एका कडेला दोन, दुसरीला एक.

आणि चौरस म्हणजे चौरसच. दोन्ही कर्ण मोजा. ते ४२.४ सेंमी यायला हवेत आणि त्यांच्यात अर्ध्या मिमीहून जास्त फरक नको. साधी छपाई अशी चूक पोटात घालते, कारण सगळे कागद एकाच बाजूनं टेकतात. फिरवत छापताना तीच चूक चार वेगवेगळ्या दिशांनी बाहेर येते. हातकागदाच्या नैसर्गिक फाटक्या कडा देखण्या असतात, पण इथं निरुपयोगी. छापखान्याच्या कटिंग यंत्रावर कापून घ्यावा.

पावसाळ्यात हे काम काढू नये. साताऱ्याची जुलैची हवा कागदात शिरते आणि यंत्रानं बनवलेला कागद आपल्या तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो, उभ्या दिशेला कमी. एकाच बाजूनं छापलं तर निदान सगळं सारखं सरकतं. पण कागद ९० अंशांत फिरवला की फुगलेली दिशाही फिरते, आणि दोन आकार जिथं टेकायला हवेत तिथं पांढरी फट पडते. कारण न कळल्यामुळे लोक स्क्रीनशी झुंजत बसतात. जानेवारी-फेब्रुवारीत करा, आणि तरीही कागद छपाईच्या खोलीत एक दिवस आधी उघडे पसरून ठेवा.

तक्ता आणि दाखला

इल्या कबाकोव (१९३३ ते २०२३) आणि एरिक बुलातोव पोटासाठी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढत. मॉस्कोहून मराठीत छापून आलेली बालपुस्तकं ज्यांच्या घरी होती त्यांना त्या परंपरेची स्वच्छ रेघ आणि हलके रंग आठवत असतील. कबाकोवच्या १९७०च्या दशकातल्या 'दहा पात्रं' या संचात तेच साहित्य आहे: सुटे कागद, शाई, रंगीत पेन्सिली. ते भिंतीवर लावायचे नव्हतेच. पाहुणे समोर बसत आणि तो एकेक पान उलटत मजकूर वाचून दाखवी. त्यांतल्या, कपाटात बसून राहणाऱ्या प्रिमाकोवच्या गोष्टीची सुरुवातीची पानं पूर्ण काळी आहेत. १९८० मध्ये कबाकोवनं सामायिक घरातली सांडपाण्याची बादली कुणी कधी बाहेर न्यायची याचं अनेक वर्षांचं वेळापत्रक मोठ्या फलकावर रंगवलं. आपल्याकडं तसं करायचं तर नळाच्या पाण्याच्या पाळीचा तक्ता घ्यावा. एकच पथ्य पाळावं: नावं, वार, वेळा कारकुनी वळणात, एका मापात, आणि कुठंही गंमत न करता. रकाना भरताना हात जितका प्रामाणिक, तितका तक्ता दाट होतो.

'सामूहिक कृती'ची पहिली कृती १३ मार्च १९७६ची, मॉस्कोतल्या इझ्माइलोव्हो इथल्या मैदानावर. बोलावलेले लोक उभे राहिले, पलीकडच्या झाडीतून दोघं बाहेर आले, मैदान ओलांडून आले आणि प्रत्येकाला हजेरीचा लेखी दाखला दिला. पुढं या गटानं आपल्या कृतींची वर्णनं, छायाचित्रं आणि पाहणाऱ्यांचे वृत्तांत टाइप करून खंड बांधले.

हे करून बघायला बर्फ लागत नाही. मार्चमधली नांगरट झालेली, मालकाची परवानगी घेतलेली मोकळी शेतं पुरतात. कासच्या पठाराकडं जाऊ नये, ते संरक्षित आहे. ढेकळांतून तीनशे मीटर चालायला पाच मिनिटं लागतात, आणि लांबून येणारा माणूस ओळखू येईपर्यंत त्यातली तीन जातात. त्या तीन मिनिटांचीच ती कृती आहे. दाखले आदल्या दिवशी कार्बनवर मारून ठेवावेत, एका वेळी पाच. म्हणजे एकाला ठळक मिळतो आणि एकाला जेमतेम वाचता येणारा. वाटताना क्रम लावू नये.

झालेल्या कामाची साठवण: कार्बनच्या प्रती लॅमिनेट करू नयेत. उष्णतेनं कार्बनमधलं मेण वितळतं आणि अक्षरांभोवती निळं वलय पसरतं. प्लॅस्टिकच्या पिशवीतही नको, पावसाळ्यात तिच्यात दमट हवा कोंडते आणि पानं एकमेकांना चिकटतात. प्रत्येक दोन पानांमध्ये साधा पांढरा कागद, वर पुठ्ठा, सुती नाडी. वर्षातून दोनदा उघडून कसर बघावी. आणि पाचही प्रती एकत्र ठेवाव्यात, पाचवी सगळ्यात वर, म्हणजे गठ्ठा उघडणारा आधी तीच वाचायचा प्रयत्न करील.